पडद्यावरचा पाऊस खरा असतो का?

वाचकांचे प्रश्न : चित्रपटातील ध्वनी

चित्रपटाच्या ध्वनीविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन मागच्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांतील काही निवडून येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात एका मराठी चित्रपटाचे चित्रीकरण झाले. त्या दिवसांत कडक ऊन होते, शेजारच्या विहिरीवरचा पंप चालू असे आणि रस्त्यावरून सतत रिक्षा जात होत्या. चित्रपटात मात्र त्याच ओसरीवर धो धो पाऊस ऐकू येतो आणि पंपाचा मागमूसही नाही. मग पडद्यावर ऐकू येणाऱ्या आवाजांपैकी खरे किती? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या ओसरीवर बोललेले संवाद बहुधा तिथेच मुद्रित झालेले असतील, त्याखेरीज जे ऐकू आले त्यातले फारच थोडे त्या दिवसांतले असेल. यामागे फसवणूक नाही, अडचण आहे. आपण ओसरीवर गप्पा मारत बसतो तेव्हा पंपाचा आवाज कानावर पडत असतोच, पण लक्ष समोरच्याच्या बोलण्याकडे असल्यामुळे मन तो परस्पर बाजूला सारते. मायक्रोफोनला मन नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचेल ते तो सारख्याच इमानाने नोंदवतो. शिवाय सिनेमागृहात पंप आणि संवाद एकाच स्पीकरमधून एकत्रच येत असल्यामुळे प्रेक्षकाच्या कानालाही ते वेगळे करता येत नाहीत. ओसरीवर जी निवड कानाने आपसूक केली असती, ती सेटवर साऊंड रेकॉर्डिस्टला आणि नंतर साऊंड डिझायनरला हाताने करावी लागते. या क्षेत्रातील जवळपास सगळे काम या एका अडचणीतून निघाले आहे.

सेटवरच्या कामाचा पहिला भाग म्हणूनच आवाज घेण्याचा नसून आवाज थांबवण्याचा असतो. पंखे, फ्रीज, पंप बंद करायचे, रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसे उभी करून रहदारी दोन मिनिटे थोपवायची, कोंबड्यांना दाणे टाकून लांब न्यायचे. काम आटोपल्यावर घरमालकाचा फ्रीज पुन्हा सुरू करायचे राहून जाऊ नये म्हणून स्वतःच्या गाडीची किल्लीच फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. आपल्याकडची भाजी टिकली असेल तर त्याचे श्रेय अशाच एखाद्या किल्लीला द्यावे.

संवाद टिपण्यासाठी साधारणपणे दोन प्रकारचे माइक वापरतात. लांब काठीच्या टोकाला लावलेला बूम माइक कॅमेऱ्याच्या चौकटीत न येता नटाच्या तोंडाच्या जितक्या जवळ नेता येईल तितका नेतात. ती काठी डोक्यावर उचलून धरणाऱ्या माणसाला नटांइतकेच संवाद पाठ असावे लागतात, कारण पुढचे वाक्य कोण बोलणार हे ठाऊक नसेल तर काठी वेळेवर वळत नाही. दुसरा, बोटाच्या पेराहून लहान असा लेपल माइक कपड्यांच्या आत छातीवर चिकटवतात. बूममधला आवाज मोकळा आणि त्या जागेचा वाटतो. लेपलमधला आवाज स्पष्ट खरा, पण त्याला कापड घासते. कडक इस्त्रीचा सदरा, नव्या रेशमी साडीचा पदर, मंगळसूत्राचे मणी, हातभर बांगड्या हे सगळे त्याचे वैरी आहेत, आणि त्यामुळे रेकॉर्डिस्टला नटांइतकीच वेशभूषाकाराचीही मनधरणी करावी लागते.

दृश्य संपले की दिग्दर्शकाला सर्वांत कंटाळवाणे वाटणारे काम येते. सगळ्या युनिटला अर्धा-एक मिनिट जागच्या जागी स्तब्ध उभे करून त्या खोलीचा ‘रिकामा’ आवाज मुद्रित केला जातो. त्याला रूम टोन म्हणतात. कोणतीही खोली पूर्ण मुकी नसते. तिला स्वतःची एक बारीक गुणगुण असते आणि ती प्रत्येक घराची निराळी असते. संकलनात दोन वाक्यांमधली नको असलेला खोकला किंवा दिग्दर्शकाची सूचना कापून टाकली की तिथे भोक पडते आणि ते भोक कानाला लगेच जाणवते. ते बुजवायला त्याच खोलीचा तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा लागतो.

यानंतर बाकीचे जग रचले जाते. पावले, भांडी, दाराची कडी, कपड्यांची सळसळ हे आवाज फोली कलाकार चित्र समोर पाहत, त्याच्या तालाबरहुकूम स्टुडिओत नव्याने करतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत १९२९च्या सुमारास हे काम सुरू करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून हे नाव पडले. फोली स्टुडिओच्या जमिनीत माती, खडी, फरशी, लाकूड असे लहान लहान चौकोन असतात आणि कपाटात जुन्या चपलांचा ढीग असतो. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या अजूनही कामाला येतात.

आता आपला पाऊस. खरा पाऊस मोकळ्यावर माइक धरून मुद्रित केला तर तो पाऊस वाटतच नाही. कढईत काहीतरी तळत असल्यासारखा एकसुरी चर्र आवाज मिळतो. असंख्य थेंबांचे असंख्य आवाज एकमेकांत मिसळले की त्यांतला कोणताच ओळखू येत नाही, हे त्याचे कारण. पावसाची ओळख थेंब कशावर पडतो यातून होते. म्हणून तो थरांनी बांधतात : लांबवरचा सलग पाऊस एका थरात, कौलांवरचा दुसऱ्यात, पन्हळीतून खाली ठेवलेल्या घंगाळात पडणारी धार तिसऱ्यात, अळूच्या पानावर पडणारे सुटे, मोठे थेंब चौथ्यात. पात्र बोलू लागले की लांबचा थर हळूच उतरवतात, संवादातल्या विरामात पन्हळ वर आणतात, आणि पाऊस कमी झाल्याचे एकाही प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. चिपळूणच्या माणसाच्या मात्र एक गोष्ट लक्षात येऊ शकते. पडद्यावर कौले आणि कानात पत्रा असेल, तर तो पाऊस दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटाच्या संग्रहातून उचललेला आहे असे खुशाल समजावे. असा आळस आपल्या चित्रपटांत अजूनही बराच आढळतो.

प्रश्न : जुन्या हिंदी चित्रपटांत नायक काश्मीरच्या डोंगरावर असो की दिवाणखान्यात, त्याचे बोलणे एकाच खोलीतून आल्यासारखे वाटते. त्याही आधीच्या चित्रपटांत तसे जाणवत नाही. असे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. सुरुवातीच्या बोलपटांत संवाद चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत, कारण दुसरा मार्गच नव्हता. आर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला. त्यासाठी वापरलेल्या यंत्रात आवाज चित्रासोबत थेट फिल्मवरच उमटत असे. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत असल्यामुळे गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर काम करावे लागे; माइक नटांच्या आसपास लपवलेले असत आणि गाण्यांच्या वेळी वादक चौकटीबाहेर दडून साथ करीत. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला आणि मराठी बोलपट सुरू झाला. हे चित्रपट बंदिस्त स्टुडिओत घडत होते, तोवर आवाज आणि जागा यांची फारकत झालेली नव्हती.

फारकत झाली ती कॅमेरा स्टुडिओबाहेर पडल्यावर. साठच्या दशकापासून बाह्यचित्रणासाठी आपल्याकडे ॲरीफ्लेक्स टू-सी हा हलका, दणकट जर्मन कॅमेरा सर्रास वापरला जाऊ लागला. खांद्यावर घेऊन कुठेही नेता येत असे, पण चालताना त्याची घरघर इतकी होई की शेजारी बोललेले वाक्य वापरण्याजोगे मुद्रित होणे अशक्य. त्यातून बघ्यांची गर्दी, जनरेटर, आणि एका दिवसात दोन-तीन चित्रपटांना तारखा देणारे तारे. निर्मात्यांनी सोपा रस्ता धरला. सेटवर फक्त आठवणीपुरता पायलट ट्रॅक घ्यायचा आणि संवाद काही महिन्यांनी डबिंग थिएटरात पुन्हा बोलून घ्यायचे. दृश्याचे छोटे तुकडे टोकाला टोक जोडून, लूप करून पुनःपुन्हा पडद्यावर फिरवले जात आणि नट माइकसमोर उभा राहून ओठांशी ओठ जुळवत असे.

ओठ जुळत, बाकीचे जुळत नसे. डोंगर चढून आलेल्या माणसाचा श्वास, लांबून मारलेल्या हाकेतला घशाचा ताण, पाठ फिरवून बोलताना खाली गेलेला स्वर, हे वातानुकूलित खोलीत वीतभर अंतरावरच्या माइकसमोर उभे राहून क्वचितच परत येते. आपल्याला जाणवलेली ‘एकच खोली’ ती हीच. पुढे त्यात प्रतिध्वनी मिसळून डोंगराचा भास निर्माण करीत, पण मूळ स्वरात अंतर नसेल तर प्रतिध्वनीने ते येत नाही. काही नटांनी या पद्धतीचे सोने केले हेही खरे; धीम्या, खर्जातल्या, कानाशी बोलल्यासारख्या संवादफेकीचे पुष्कळसे श्रेय डबिंगच्या माइकला द्यावे लागते.

‘लगान’ने २००१ साली प्रवाह उलटा फिरवला. भुजजवळ एकाच लांब सत्रात, शेकडो माणसांच्या गर्दीत, मुख्य प्रवाहातल्या मोठ्या चित्रपटाचे संवाद जागेवर मुद्रित करता येतात हे नकुल कामते यांनी दाखवून दिले. ध्वनीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना आणि मिश्रण करणाऱ्या एच. श्रीधर यांना मिळाला. आज डिजिटल कॅमेरे जवळपास निःशब्द असल्यामुळे सिंक साऊंडला, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच संवाद मुद्रित करण्याला, यांत्रिक अडथळा उरलेला नाही. उरला आहे तो शिस्तीचा.

प्रश्न : चित्रीकरणाआधी ती काळी-पांढरी पाटी वाजवण्याचे प्रयोजन काय? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या यंत्रात नोंदवला जातो. संकलनाच्या वेळी पाटीची फळी टेकल्याची चौकट आणि ‘ठक्’ हा आवाज एकमेकांसमोर ठेवले की पुढचे सगळे आपोआप जुळते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका चौकटीच्या काळात तो सुमारे १४ मीटर अंतर कापतो. मोठ्या सिनेमागृहाच्या शेवटच्या रांगेत बसल्यास नटाचे बोलणे ओठांपेक्षा दोन चौकटी उशिरा कानावर येते; तेवढे मन खपवून घेते. आवाज त्याहून पुष्कळ मागे पडला, किंवा थोडाही पुढे गेला, की मात्र खटकते. आवाज चित्राच्या आधी येणे निसर्गात घडतच नाही. आता चित्र आणि आवाज दोन्हींवर एकच वेळ नोंदवणाऱ्या टाइमकोड यंत्रांनी हे काम परस्पर होते, तरी यंत्रे रुसतात म्हणून पाटी टिकून आहे.

प्रश्न : पार्श्वसंगीताशिवाय चित्रपट परिणामकारक होऊ शकतो का? हल्ली प्रत्येक प्रसंगात इतके संगीत असते की काय वाटून घ्यायचे हे आधीच सांगितल्यासारखे होते. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होऊ शकतो, आणि त्याचा आपल्याकडचा सर्वांत ठळक दाखला ‘प्रभात’च्याच नावावर आहे. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ साली आला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची कथा सांगतो. शांता आपटे नीरा झाल्या होत्या आणि केशवराव दाते काकासाहेब. केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि त्या रस्त्यावरचे. गाणीसुद्धा पात्रांच्या जगातून येतात. मास्टर परशुराम यांनी गायलेले ‘मन सुद्ध तुझं’ हे रस्त्यावर गाणाऱ्या भिकाऱ्याच्या तोंडी आहे.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी काकासाहेबांच्या घरातले घड्याळ ऐकावे. संगीत असते तर ती टिकटिक त्याखाली बुडाली असती. संगीत नसल्यामुळे ती खोलीभर पसरते. काकासाहेबांचे उतारवय, नीरेची कोंडी आणि दोघांमधले न बोलणे या तिन्ही गोष्टी एकाच आवाजात मावतात, आणि त्यांतली कोणती ऐकायची हे प्रेक्षकावर सोडलेले राहते. करुण व्हायोलिन वाजले असते तर हा पर्याय त्याच्याकडून काढून घेतला गेला असता. आपली तक्रार नेमकी हीच आहे. आणि हा चित्रपट आला तेव्हा भारतीय बोलपटाला अवघी सहा वर्षे झाली होती हे लक्षात घेतले, म्हणजे नंतरच्या नऊ दशकांतल्या आमच्या प्रगतीविषयी थोडे जपून बोलावेसे वाटते.

संगीत काढणे आणि आवाज काढणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर ‘शांतता’ हवी असते तेव्हा बहुतेक वेळा काही बारीक आवाज मुद्दाम ठेवले जातात : लांबचे कुत्रे, रातकिडे, नळाचा थेंब. इतके बारीक आवाज ऐकू येत आहेत म्हणजे मोठे आवाज नाहीत, असा निष्कर्ष प्रेक्षक स्वतःच काढतो. त्याउलट ध्वनिपट्टी पूर्ण रिकामी केली तर प्रेक्षकाला वातानुकूलन यंत्राची घरघर आणि शेजाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागतो, आणि क्षणभर यंत्रच बिघडले की काय असे वाटते. म्हणून हे अस्त्र फार क्वचित उपसले जाते. ‘सैराट’च्या शेवटी नागराज मंजुळे यांनी ते उपसले. मूल रडताना दिसते, रडणे ऐकू येत नाही. त्याआधीच्या पावणेतीन तासांत अजय-अतुल यांच्या गाण्यांनी कान काठोकाठ भरलेले नसते तर ती रिकामी पट्टी इतकी अंगावर आली नसती. तेव्हा संगीत भरपूर असणे हा दोष नव्हे. ते कुठे थांबवायचे हे न ठरवणे हा दोष आहे.

प्रश्न : आम्ही घरी टीव्हीवर मराठी चित्रपट पाहतो तेव्हा संवादासाठी आवाज वाढवावा लागतो आणि गाणे किंवा मारामारी आली की धावत जाऊन कमी करावा लागतो. दोष आमच्या कानांचा, टीव्हीचा की चित्रपटाचा? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिघांत वाटून घ्यावा लागेल, कानांचा वाटा सर्वांत लहान. चित्रपटाचे अंतिम मिश्रण मोठ्या, शांत दालनात, ८५ डेसिबलच्या ठरावीक मापावर जुळवलेल्या स्पीकरांवर होते. तिथे कुजबुजही स्वच्छ ऐकू येते आणि स्फोटही सोसवतो. घरी आपण आवाज बराच खाली ठेवतो, त्यामुळे कुजबुज पंख्याच्या आणि स्वयंपाकघराच्या आवाजाखाली जाते. शिवाय पातळी उतरली की मानवी कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘छ’ यांची धार वरच्या स्वरांत असल्यामुळे बोलणे ऐकू येते पण कळत नाही.

दुसरे कारण वाटपाचे. फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा स्पीकर, या पद्धतीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला मधला स्पीकर नसतो. उरलेले दोन बहुधा मागे किंवा खाली, भिंतीकडे तोंड करून असतात. पाचही वाटांतला आवाज त्या दोघांत कोंबला जातो तेव्हा संगीत संवादावर चढते. म्हणून वेगळे स्पीकर नसतील तर ॲपच्या ध्वनी-पर्यायांत फाइव्ह पॉइंट वनऐवजी स्टिरिओ निवडावा आणि टीव्हीतला ‘नाइट मोड’ किंवा संवाद ठळक करणारा पर्याय सुरू करावा. फरक लगेच कळतो. एवढी खटपटही नको असेल अशांना मधल्या स्पीकरसह येणारा साधा साऊंडबार सुचवावा असे वाटते, पण तो खर्चच झाला.

चित्रपटाचा वाटा असा की घरगुती प्रदर्शनासाठी वेगळे, कमी चढ-उतारांचे मिश्रण करायला हवे. मोठे मंच त्यासाठी नियम घालतात. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजण्याच्या एककाच्या) आसपास मागते. कमी खर्चाच्या चित्रपटांत मात्र सिनेमागृहाचेच मिश्रण थोडे ओढूनताणून पाठवून दिले जाते, कारण ध्वनीचे काम शेवटी येते आणि तोवर पैसे आणि दिवस दोन्ही संपलेले असतात. याखेरीज तोंडातल्या तोंडात बोलणे म्हणजे सहज अभिनय, अशी एक समजूत नव्या नटांत पसरली आहे. तिच्यावर कोणताही साऊंडबार चालत नाही.

प्रश्न : मुलीला बारावीनंतर चित्रपटाच्या ध्वनीचे शिक्षण घ्यायचे आहे. कुठे घ्यावे आणि आतापासून काय करावे? – एक पालक, सोलापूर

उत्तर : पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, म्हणजे ‘प्रभात’च्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेली संस्था, आणि कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था या दोन्ही ठिकाणी ध्वनीचे स्वतंत्र विभाग आहेत. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ साली सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी पुण्याच्या संस्थेचे विद्यार्थी. दोन्हीकडचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे असल्यामुळे आधी पदवी पूर्ण करावी लागेल. ध्वनीच्या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट घातली जात आली आहे, तेव्हा विषय सोडण्यापूर्वी चालू वर्षाचे माहितीपत्रक पाहावे.

तोवर महागडी यंत्रे घेऊ नयेत. मोबाइलवर रोज एका जागेचा एक मिनिट मुद्रित करावा : सिद्धेश्वराच्या तळ्याचा काठ, एसटी स्टँड, यंत्रमागाचा कारखाना, दुपारचे घर. मुद्रण ऐकण्याआधी त्या जागी काय काय ऐकू आले होते ते आठवून कागदावर लिहावे, मग हेडफोन लावून ऐकावे आणि यादीत न आलेले आवाज दुसऱ्या शाईने लिहावेत. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या शाईची यादीच मोठी निघेल. ती कशी आणि किती लहान होत जाते ते तारखांसह जपून ठेवावे. प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला ती वही उपयोगी पडेल.